मुरुडची पंगत

सुट्टी जवळ आली की घरोघरी एकच प्रश्न निघतो : यंदा कुठे जायचे? मुलांना समुद्र हवा असतो. 'ह्यां'ना खिशाला परवडेल असे ठिकाण हवे असते. सासूबाईंना जाता जाता देवदर्शन घडले तर बरे वाटते. आणि आपल्याला? खरे सांगायचे तर आपल्याला एवढेच हवे असते, की चार दिवस तरी चुलीपासून सुटका व्हावी आणि आयते वाढलेले पान समोर यावे!

हे सगळे ज्या गावी एकदम जमते असे एक गाव म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातले मुरुड. जंजिरा किल्ल्याचे मुरुड ते वेगळे बरं का, ते रायगड जिल्ह्यात. आपले मुरुड दापोलीपासून दहा-बारा किलोमीटरवर, हर्णै बंदराच्या दक्षिणेला आहे. पांढुरक्या वाळूचा लांब किनारा, त्याला लागून माडा-पोफळीच्या वाड्या आणि वाड्यांतून डोकावणारी कौलारू घरे. आज यातल्या कितीतरी घरांवर 'राहण्याची व घरगुती जेवणाची सोय' अशी पाटी दिसते.

पण नुसते समुद्राचे वर्णन करायला मी हा लेख लिहीत नाही. ते तुम्ही फोटोत पाहालच. मला सांगायची आहे ती या गावाची हकीकत. आज हे गाव परक्या माणसांना पान मांडून आपला संसार चालवते. पण याच गावाने एकदा आपल्या घरच्याच मुलाला आणि सुनेला पंगतीतून उठवले होते. त्या दोन गोष्टींच्या मधे सव्वाशेहून अधिक वर्षे गेली आहेत, आणि ती वर्षे आपण बायकांनी तरी जरूर समजून घ्यावीत अशी आहेत.

आखून वसवलेले गाव

कोकणातली बरीचशी गावे डोंगराच्या कुशीत, ओढ्याच्या काठाने, जागा मिळेल तशी पसरलेली असतात. मुरुडचे तसे नाही. गावात शिरलात की पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो सरळ रस्ता. दोन्ही अंगांना घरे, घरांच्या मागे वाड्या, आणि गावाची देवी दुर्गा. तिचे जुने, कोरीव लाकडी खांबांचे देऊळ आवर्जून पाहण्यासारखे आहे.

गावाची आख्यायिका अशी, की पूर्वी इथे रान होते. एक सिद्ध पुरुष इकडे आला, त्याला ही जागा पसंत पडली, आणि त्याने रान तोडवून, जागेची मोजणी-आखणी करून गाव वसवले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी आपल्या 'आत्मवृत्ता'त ही कथा सांगितली आहे. आख्यायिकेत खरे किती आणि भर किती हे बाजूला ठेवू. पण सगळे गाव नेमाने वसलेले आहे, आणि जिथे घरांना नेम लावले गेले तिथे माणसांनाही लावले गेले. कोणी कुठे राहायचे, देवळात कोणाचा मान कोणता, पंगतीत कोणी कुठे बसायचे, आणि कोणी बसायचेच नाही, हे सगळे ठरलेले. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

वाडी, बोट आणि मनीऑर्डर

गावाचे पोट भरायचे ते वाडीवर. नारळ, सुपारी, त्यांच्या सावलीत जायफळ, पोफळीवर चढवलेली मिरीची वेल, बांधाला आंबा-फणस, रातांबे. ऐकायला मोठे श्रीमंत वाटते, नाही का? पण वाडी म्हणजे काही एकरांचे शेत नव्हे. तिचा हिशेब गुंठ्यांत. भाऊबंदकीत तिचे तुकडे होत होत प्रत्येकाच्या वाट्याला येणार त्या चार ओळी पोफळी.

आणि वाडीतले काम? झाडावर चढणारा पुरुष सगळ्यांना दिसतो. पण खाली पडलेली सुपारी गोळा करणे, वाळत घालणे, पाऊस आला की धावत जाऊन आत घेणे, सोलणे, झावळ्यांचे झाप विणणे, हिरांचे खराटे बांधणे, रातांब्याच्या साली रसात पुन्हा पुन्हा भिजवून आमसुले करणे, फणसाची साटे घालणे, ही सगळी बायकांची कामे. ती कुठल्या वहीत लिहिली गेली नाहीत. 'घरचेच तर काम!' असे म्हटले, की संपले.

एवढ्यावर भागत नसे, म्हणून घरातला कर्ता पुरुष मुंबईला जाई. जायचे ते आगबोटीने. हर्णैला बोट खोल पाण्यात थांबायची, उतारूंनी होडीतून तिच्यापर्यंत जायचे. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद, मग घाट चढून पायी जाण्यावाचून इलाज नसे. खुद्द कर्वे १८७५ साली ऐन पावसाळी दिवसांत मुरुडाहून साताऱ्यापर्यंत सुमारे ११० मैल चालत गेले ते एका परीक्षेसाठी. त्या परीक्षेला सतरा वर्षे पूर्ण लागत. ते दिसायला लहानखुरे, म्हणून परीक्षा घेणाऱ्यांनी 'याचे वय भरलेले नाही' म्हणून त्यांना बसूच दिले नाही. चार दिवसांची वाट तुडवून गेलेला मुलगा तसाच परत!

तर असे हे मनीऑर्डरीवर जगणारे गाव. पुरुष मुंबईला, आणि घर, वाडी, म्हातारी माणसे, गोठा, सणवार हे सगळे बायकांच्या डोक्यावर. आजही गावात पाहुण्यांचा व्यवसाय ज्या हातांनी उचलून धरला आहे ते हात काही एकदम तयार झालेले नाहीत. त्यांना पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे.

गावाने मिटलेले दार

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. आमच्या मुलांना 'महर्षी कर्वे यांनी स्त्रीशिक्षणाचे कार्य केले' हे वाक्य तोंडपाठ असते. पण कार्य केले म्हणजे काय काय सोसले, हे त्या वाक्यात कुठेच येत नाही.

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, आजोळी शेरवली गावी. वाढले ते मुरुडात. घराण्याचे जुने वैभव गेलेले, वडील दुसऱ्यांकडे नोकरीला, घरात ओढगस्त. पण गावात सोमण मास्तर म्हणून एक शिक्षक होते. ते वर्तमानपत्र मागवत आणि दुर्गादेवीच्या देवळात जमलेल्या लोकांना ते वाचून दाखवण्याचे काम या मुलाकडे देत. आपल्याखेरीज दुसऱ्यांसाठीही काही करायचे असते, ही जाणीव कर्व्यांना मिळाली ती या देवळात. पुढे मुंबईला चार पैसे मिळू लागल्यावर त्यांनी गावासाठी 'मुरुड फंड' काढला. गावाविषयी त्यांना किती ओढ होती, हे यावरून कळेल.

त्यांचे लग्न लहानपणीच राधाबाईंशी झालेले होते. १८९१ साली राधाबाई बाळंतपणात गेल्या. तेव्हा त्यांचा मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. हेच ते र. धों. कर्वे. त्यांचाही जन्म मुरुडचा. पुढे १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले आणि लोकांची बोलणी आणि खटले आयुष्यभर सोसले. आईवाचून वाढलेला हा मुलगा, बाईच्या शरीरावर लादल्या जाणाऱ्या बाळंतपणांचा विचार करणारा निघाला, हे मला तरी फार अर्थपूर्ण वाटते.

राधाबाई गेल्या तेव्हा कर्वे तेहेतीस वर्षांचे. त्या काळी तेहेतीस वर्षांच्या बिजवराला दहा-बारा वर्षांची मुलगी सहज सांगून येई, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. कर्व्यांनी ठरवले की लग्न करायचे तर विधवेशीच. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी हे देवरुखचे. त्यांची बहीण गोदूबाई. तिचे लग्न लहानपणी झाले आणि काही महिन्यांतच नवरा वारला. म्हणजे संसार कशाशी खातात हे कळायच्या आत ती विधवा, केशवपन झालेली, सासरच्या स्वयंपाकघरात राबणारी. भावाने तिला मुंबईला आणले आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात घातले. हे सदन ११ मार्च १८८९ ला उघडले होते. गोदूबाई तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी. आणि बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ ला, पुण्यात तिचे कर्व्यांशी लग्न झाले. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सगळे त्यांना 'बाया कर्वे' म्हणू लागले.

बातमी मुरुडास पोचली. गाव जमले. ठराव झाला : कर्व्यांशी संबंध ठेवायचा नाही, ते असतील त्या बैठकीत बसायचे नाही, आणि घरच्यांनी त्यांना घरात घेतले तर त्या घरालाही वाळीत टाकायचे. आई, भाऊ, बहीण सगळी गावातच राहणारी. ज्या गावासाठी फंड काढला, ज्या देवळात वर्तमानपत्र वाचून दाखवले, त्या गावात पाय ठेवणे म्हणजे आपल्याच माणसांवर संकट ओढवणे, असे होऊन बसले.

वाळीत टाकणे म्हणजे नेमके काय, हे आता आपल्याला नीटसे कळत नाही. पुरुषांचे बैठकीला बोलावणे बंद होई, ते खरेच. पण घरातल्या बाईचे काय होई? हळदीकुंकवाला कोणी बोलवायचे नाही. आपल्या घरी कोणी यायचे नाही. लेकीच्या लग्नाला भटजी मिळायचा नाही. बाळंतपणात शेजारीण फिरकायची नाही. रोज ज्या चार बायांशी विहिरीवर बोलायचे, त्यांनी तोंड फिरवायचे. ठराव पुरुषांनी केला, आणि तो रोजच्या रोज भोगायचा कोणी? कर्व्यांच्या म्हाताऱ्या आईने आणि भावजयीने! मुलाला जवळ करावे तर घर वाळीत, न करावे तर पोटचा गोळा परका. हा पेच कुठल्या आईवर येऊ नये.

इथे मला मुरुडकरांवर एकट्यांवर दोष टाकायचा नाही. त्या काळी तुमच्या-माझ्या गावानेही हेच केले असते. खुद्द पुण्यात तरी कुठे सगळ्यांनी हसतमुखाने स्वागत केले? आणि ज्या गावाने दार मिटले, त्याच गावातल्या सोमण मास्तरांनी या मुलाला घडवले होते, हेही विसरून चालणार नाही.

पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे तो पुण्याबाहेर हिंगण्याला एका झोपडीत गेला. त्याच आश्रमाच्या आधाराने बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, तीही विधवा, शिकली आणि आश्रमासाठी वर्गणी गोळा करत थेट अमेरिकेपर्यंत पोचली. १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले. सर विठ्ठलदास ठाकरसींनी आईच्या नावाने १५ लाख रुपये दिले, आणि त्याचे नाव श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजे एस. एन. डी. टी. झाले. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी कर्व्यांना भारतरत्न मिळाले. बाया मात्र ते पाहायला नव्हत्या. त्या १९५० साली गेल्या. त्यांचे 'माझे पुराण' हे आत्मचरित्र मिळाले तर जरूर वाचा. नवरा सगळा पगार आश्रमाला देतो तेव्हा घरात डाळ-तांदूळ कुठून येतो, याचा हिशेब तिथे सापडेल. महर्षींच्या चरित्रात तो फारसा सापडत नाही!

आज मुरुडात महर्षी कर्व्यांचे स्मारक आहे, आणि गाव आपली ओळख 'महर्षींचे गाव' अशी अभिमानाने सांगते. चांगलेच आहे. माणसे बदलतात, गावेही बदलतात.

आणि पंगतीची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक नाव घेते. दापोलीजवळ वणंद म्हणून गाव आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्नी रमाबाई यांचे ते माहेर. त्यांचे वडील दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. त्यांना तर याच तालुक्यात कोणी कधी पंगतीत धरलेच नव्हते, मग उठवायचे कुठून? कर्व्यांनी म्हातारपणी, १९४४ साली, जातिभेद मोडण्यासाठी 'समता संघ' काढला. सत्त्याऐंशीव्या वर्षीही त्यांना पंगत अपुरी वाटत होती, असाच त्याचा अर्थ.

ओसरीवर पाहुणा आला

मग या गावात पाहुणे कधी आले? दापोलीला थंड हवेसाठी येणारे लोक पूर्वीपासून होते. इंग्रजांनी १८१८ नंतर तिथे छावणी केली, म्हणून तर अजून जुनी माणसे 'कॅम्प दापोली' म्हणतात. पण समुद्राकाठी मुक्कामाला येणे ही त्या मानाने अलीकडची गोष्ट. रस्ते सुधारले, एस. टी. गावोगाव पोचू लागली, १९७२ साली दापोलीला कृषी विद्यापीठ झाले, तसा बाहेरच्या लोकांचा राबता वाढला. बोटी बंद पडल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि खेड स्टेशनवर उतरून इकडे येणे सोपे झाले. पुढे पुण्या-मुंबईच्या लोकांकडे मोटारी आल्या, आणि शनिवार-रविवार गाव गजबजू लागले.

पाहुण्यांना जागा कुठून मिळाली? इथेच गंमत आहे. जी मुले मुंबईला गेली ती तिकडचीच झाली, आणि मोठाल्या घरांतल्या खोल्या रिकाम्या पडल्या. कोणा ओळखीच्यांचे ओळखीचे आले, त्यांना माजघराशेजारची खोली दिली, घरातलेच जेवण वाढले. जाताना त्यांनी पैसे पुढे केले तेव्हा संकोच वाटला. घरी आलेल्याकडून जेवणाचे पैसे घ्यायचे? शेवटी गरज संकोचाहून मोठी ठरली. मग खोलीला जोडून न्हाणीघर झाले, वाडीत दोन खोल्या नव्या बांधल्या, आणि पाटी लागली. पर्यटन महामंडळाच्या 'न्याहारी-निवास' योजनेने अशा घरांना थोडे अधिकृत रूप दिले. त्यांच्या जोडीला आता किनाऱ्यावर मोठी हॉटेले आहेत, डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या आहेत, घोडागाडी आहे, भेळेच्या गाड्या आहेत.

पण माणसे पुन्हा पुन्हा येतात ती घरगुती जेवणासाठी. सकाळी घावन नाहीतर आंबोळ्या. दुपारी भात, कुळथाचे पिठले, केळफुलाची भाजी, सोलकढी. खाणाऱ्यांच्या घरी हर्णैच्या लिलावातून आणलेली ताजी मासळी. आणि आधी सांगून ठेवले तर उकडीचे मोदक.

मोदकांवरून एक हिशेब मांडते. समजा सहा खोल्या आहेत आणि खोलीत चार माणसे, म्हणजे चोवीस पाने. माणशी दोनच मोदक धरले तरी अठ्ठेचाळीस. त्यासाठी नारळ खवायचे, गूळ चिरायचा, सारण करायचे, उकड काढायची, गरम असतानाच मळायची, एकेक पारी हाताने करायची, कळ्या पाडायच्या, आणि हे सगळे रोजचा स्वयंपाक, नाश्ता, चहाची चार आधणे सांभाळून दुपारी बाराच्या आत! आपण गणपतीत एकवीस मोदक केले तर संध्याकाळी पाठ धरून बसतो. मोसमात हे रोज चालते. पहाटे पाचला चूल पेटते, आणि रात्री शेवटचे पान उचलून ओटा धुवेपर्यंत अकरा वाजतात.

तर सांगायचे हे, की या गावाची 'सोय' म्हणजे तिथल्या बायकांचे मनगट आहे. पाहुण्याला पाटीवर ज्याचे नाव दिसते आणि फोनवर ज्याचा आवाज येतो, तो बहुधा घरचा पुरुष असतो. त्यात गैर काही नाही, तोही राबतोच. पण घर कोणाच्या नावावर, बँकेतले खाते कोणाचे, आणि मोसम संपल्यावर उरलेल्या पैशाचे काय करायचे हे कोण ठरवते, हे प्रश्न विचारायलाच हवेत. कुठे कुठे उत्तर चांगले मिळते. बचत गटातून बायका आमसुले, पिठे, लोणची विकतात आणि तो पैसा स्वतःच्या खात्यात ठेवतात. पण कुठे अजून 'घरचेच तर काम' हेच पालुपद. पूर्वी सुपारीच्या ढिगापुढे म्हणत, आता मोदकांच्या चाळणीपुढे म्हणतात, एवढाच फरक!

३ जून २०२०

या गावावर अलीकडे एक मोठा घाव बसला, तो सांगितल्याशिवाय हकीकत पुरी होणार नाही. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले. रायगडाबरोबरच दापोली आणि मंडणगड तालुक्यांनाही मोठा तडाखा बसला. काही तासांत पिढ्यांच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळी काडीसारख्या मोडल्या, माड उन्मळले, कौले उडाली, कितीतरी दिवस वीज नव्हती. आणि वेळ कोणती? करोनाची टाळेबंदी. म्हणजे पाहुणे आधीच बंद, आणि आता वाडीही गेली. घराचे दोन्ही आधार एकाच वेळी निसटले.

शहरात बसून आपल्याला वाटते, झाड पडले तर दुसरे लावावे. पण नारळ-सुपारीला फळ धरायला सहा-आठ वर्षे लागतात. जायफळाचे तर त्याहून वाईट. ते वाढते माडा-पोफळीच्या सावलीत. वरची सावली गेली की उन्हाने होरपळते, म्हणजे वादळातून वाचलेले झाडही नंतर धोक्यात येते. भरपाईचे सरकारी हिशेब हेक्टरांत आणि वाड्या गुंठ्यांत, तेव्हा सुरुवातीला लोकांच्या हाती काय पडणार, ते तुम्हीच ताडा.

अशा वेळी ओसाड वाडी विकून टाकावी, बाहेरचा माणूस चांगली किंमत देतो आहे, हा मोह साहजिक असतो. कोणी विकल्या, तर त्यांना नावे ठेवण्याचा हक्क आपल्याला नाही. पण वाडी गेली की तिथे सिमेंटची इमारत येते, आणि पाहुणा ज्या सावलीसाठी येत होता ती सावलीच राहत नाही. मग काल जिथे मालकीण पान वाढत होती, तिथे उद्या तीच बाई रोजंदारीवर भांडी घासायला जाणार. ज्यांनी दात-ओठ खाऊन पुन्हा रोपे लावली आणि कळशी-कळशीने जगवली, त्यांनी नुसती झाडे नाही, गावाची मालकी जगवली आहे.

जाणार असाल तर

आता थोडे कामाचे. मुरुडला जायला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. मे महिन्यात आंबे मिळतात, पण उकाडा फार. पावसाळ्यात गाव अतिशय सुंदर दिसते, मात्र समुद्रात पाऊल घालायचे नाही. एरवीसुद्धा भरती-ओहोटीच्या वेळा घरमालकांना विचारूनच पाण्यात जा. मुलांना एकटे सोडू नका. वाळूत मोटार घालण्याचा हट्ट 'ह्यां'नी केला तर ठामपणे नाही म्हणा. गाडी रुतते, भरतीचे पाणी चढते, आणि मग गावकऱ्यांना बैल-ट्रॅक्टर घेऊन धावावे लागते. शिवाय या किनारपट्टीवर समुद्री कासवे अंडी घालायला येतात, त्यांची घरटी चाकाखाली जातात.

दुर्गादेवीचे देऊळ पाहा. हर्णैचा मासळीचा लिलाव, जमल्यास संध्याकाळचा, पाहा. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसेल. वाटेत आसूदला केशवराजाचे देऊळ आहे, तिथली गर्द पोफळीची वाट सासूबाईंना थोडी चढणीची पडेल, पण देवाच्या डोक्यावरची गार सावली पाहून त्यांचा शीण जाईल. आणि महर्षींच्या स्मारकापाशी मुलींना घेऊन जा. त्यांना 'कार्य केले' एवढेच न सांगता, गोदूबाईंची गोष्ट पुरी सांगा.

ज्यांच्या घरी उतराल त्यांना जेवणाऱ्यांची संख्या आदल्या दिवशी नक्की कळवा. आयत्या वेळी 'आणखी चार मोदक होतील का?' म्हणू नका. ते कसे होतात ते आपल्याला ठाऊक आहे. वाडीतले फूल-फळ विचारल्याशिवाय तोडू नका. प्लॅस्टिकचा कचरा आपल्या पिशवीत भरून परत न्या. आमसुले, कुळथाचे पीठ, मिरी घ्यायची तर त्याच घरातून घ्या, आणि दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. मोठ्या दुकानात आपण मुकाट्याने छापील किंमत देतोच ना?

आणि एक शेवटचे. पान समोर आले, पोटभर जेवण झाले, की उठण्यापूर्वी आत वाकून त्या बाईला विचारा, "वहिनी, तुम्ही जेवलात का?" बहुतेक वेळा उत्तर येईल, "नाही अजून, तुमचे होऊ द्या." मग आणखी काही मागवायचे असेल तर ते राहू द्या, मुलांना समुद्रावर पिटाळा, आणि म्हणा, "आमचे झाले. आता तुम्ही बसा, मी वाढते." हसून नको म्हणतील, पण म्हणून तर पाहा!